तळव्याला चाकू लावण्याआधी

दोन वर्षांपूर्वी, ऐन लग्नसराईत, माझ्या घोडीच्या नाली बदलायच्या होत्या. आमचे नेहमीचे नालबंद गावी गेले होते, म्हणून दुसऱ्यांना बोलावलं. हात भराभर चालणारा माणूस. दहा-बारा मिनिटांत पुढच्या दोन्ही खुरांचा तळवा त्याने सोललेल्या मुळ्यासारखा पांढराशुभ्र, गुळगुळीत करून दिला. बघणारे म्हणाले, काय सफाई आहे! मलाही ते छान वाटलं. दुसऱ्या दिवशी मखमलाबादच्या आमच्या मळ्याच्या वाटेवर, खडी सुरू होते तिथे, घोडी थबकली. एक पाय उचलायची, चाचपत टेकवायची, कडेच्या गवतातून जायला बघायची. खूर उचलून मी तळव्यावर अंगठा दाबला, तर तळवा आत गेला. पत्र्याच्या डब्याचं झाकण दाबल्यावर आत जातं आणि सोडल्यावर वर येतं, तसा.

त्या दहा मिनिटांत जे गेलं ते भरून यायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत तळव्याबद्दल जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि रोज खूर हातात घेऊन पाहिलं, ते इथे सविस्तर लिहितो आहे. नाशिक परिसरात वरातीची घोडी, शर्यतीचे टांग्याचे घोडे, मेंढरांबरोबर फिरणाऱ्या धनगरांची तट्टं, हौसेने पाळलेले मारवाडी-काठेवाडी असे पुष्कळ घोडे आहेत. त्यांच्या मालकांना हे उपयोगी पडावं.

तळवा म्हणजे नेमकं काय

खूर उचलून आधी नीट बघा. कडेने फिरणारी जाड कड म्हणजे खुराची भिंत. नाल बसते ती हिच्यावर. मधोमध इंग्रजी व्ही अक्षरासारखा, रबरासारखा लवचिक भाग दिसतो, तो फ्रॉग. फ्रॉगच्या दोन्ही बाजूंना खोल खाचा असतात. भिंत आणि फ्रॉग यांच्यामधला, किंचित वाटीसारखा आत वळलेला भाग म्हणजे तळवा. तळवा आणि भिंत जिथे जुळतात तिथे फिकट पिवळसर रेषा दिसते. तिला पांढरी रेषा म्हणतात. नालेचा खिळा या रेषेच्या बाहेर, भिंतीतच बसला पाहिजे. आत सरकला, तर जिवंत भागाला लागतो.

तळव्याच्या वर, खुराच्या आत, घोड्याच्या पायाचं शेवटचं हाड आहे. त्याला कॉफिन बोन म्हणतात. हाडाच्या खालच्या बाजूला रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंनी भरलेला मऊ थर चिकटलेला असतो. तळवा तयार होतो तो याच थरातून. थरावर मखमलीच्या लवेसारखे बारीक तंतू असतात. प्रत्येक तंतूभोवती शिंगासारख्या कठीण पदार्थाची नळी तयार होते आणि नळ्यांच्या मधल्या जागाही त्याच पदार्थाने भरतात. वरून नवा थर येत राहतो, जुना खाली ढकलला जातो. जमिनीला टेकणारं शेवटचं टोक मेलेलं असतं. ते पापुद्र्यांनी, भुकटीने झडतं.

भिंत वरून, केसांच्या कडेपासून वाढते. महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर. त्यामुळे पुढची भिंत पूर्ण नवी व्हायला ९ ते १२ महिने लागतात. तळव्याची वाट जवळची आहे, कारण तो थेट हाडाखालून खाली येतो. महिन्याला साधारण ५-६ मिलिमीटर धरा. चांगल्या पायात फ्रॉगच्या टोकापुढे तळव्याची जाडी १५ मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त असावी. १० मिलिमीटरच्या खाली गेली की पाय पातळ. म्हणजे चाकूने ५ मिलिमीटर काढले, तर हाडाखालच्या गादीचा तिसरा हिस्सा गेला. तो परत यायला कागदावर एक महिना लागतो. प्रत्यक्षात जास्त, कारण घोडा चालतो तसा तळवा झिजतही असतो.

हे समजलं की बाकी सगळं आपोआप समजतं. तळवा घोडाच बनवतो. आपलं काम एवढंच, की त्याला बनवू द्यायचं आणि बनलेलं काढून टाकायचं नाही. माझे वडील पंचवटीत टांगा चालवायचे. त्यांना मिलिमीटर माहीत नव्हते, पण नालबंद बसला की ते शेजारी उकिडवे बसायचे आणि एकच वाक्य म्हणायचे, "तळवा राहू दे, भिंत काढ."

रोजचं काम: खूर साफ करणं

हे सकाळी खराऱ्याने अंग घासण्याआधी आणि संध्याकाळी काम संपल्यावर करायचं. घोड्याच्या डाव्या खांद्याशी, तोंड त्याच्या शेपटीकडे करून उभे राहा. हात खांद्यावरून गुडघ्याखालच्या नळीपर्यंत खाली न्या आणि नळी हलकेच दाबा. शिकलेला घोडा पाय देतो. देत नसेल तर खांद्याने किंचित ढकला, म्हणजे त्याचा भार दुसऱ्या पायावर जाईल.

खूर खरवडायचा हुक टाचेकडून पुढच्या टोकाकडे चालवा, उलटा कधीही नाही. टोकाकडून टाचेकडे ओढला, तर फ्रॉगच्या खाचेत घुसतो. आधी फ्रॉगच्या दोन्ही बाजूंच्या खाचा मोकळ्या करा, मग टाचेकडची मधली खाच, शेवटी तळवा. ब्रशने झाडा. पाणी लागलंच तर लावा, पण रोज भिजवू नका.

मग अर्धा मिनिट नुसतं बघा आणि वास घ्या. निरोगी तळव्याला मातीचा, थोडा शिंगासारखा वास येतो. कुजका वास आणि खाचेत काळा चिकट स्राव दिसला, तर फ्रॉग सडायला लागला आहे. पांढऱ्या रेषेत खडा रुतला असेल तर लगेच काढा. तो तिथे राहिला की आत सरकत जातो आणि मागून पू होतो.

तळव्यावर लालसर-जांभळा डाग दिसला तर तो मुका मार. हे डाग पांढऱ्या खुरात सहज दिसतात, काळ्यात लपतात. पांढरा खूर कच्चा असतो असा समज आपल्याकडे पक्का आहे, त्यामुळे पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असलेला घोडा शुभ म्हणून घेतात आणि खुरासाठी नावं ठेवतात. रंगाचा ताकदीशी संबंध नाही. पांढऱ्या खुरात दोष दिसतो एवढंच. माझ्या मते तर ती सोयच आहे.

आठवड्यातून एकदा: जाडीचा अंदाज

खरी जाडी एक्स-रेवरच कळते. घोडा बराच दिवस तळव्याने दुखत असेल, तर पशुवैद्यांकडून बाजूने घेतलेला एक्स-रे काढून घ्यावा. त्यावर हाडाखाली किती तळवा आहे ते मोजता येतं, आणि हाड सरकलं आहे का तेही. पण दर आठवड्याला घरच्या घरी तीन गोष्टी करता येतात.

पहिली, अंगठ्याची. दोन्ही हातांनी खूर धरून दोन्ही अंगठ्यांनी फ्रॉगच्या टोकापुढचा तळवा जोरात दाबा. दगडासारखा लागला पाहिजे. लवला तर तळवा फार पातळ आहे. त्या दिवशी घोडा खडीवर न्यायचा नाही.

दुसरी, खाचेची खोली. फ्रॉगच्या टोकाजवळच्या खाचेत आगपेटीची काडी उभी धरा आणि तळव्याच्या कडेपर्यंत किती बुडते ते पाहा. इथे एक चूक हमखास होते. वाढलेल्या भिंतीपासून मोजलं तर खाच खोल वाटते आणि तळवा भरपूर आहे असा भास होतो. म्हणून पांढऱ्या रेषेलगतच्या तळव्याच्या पातळीपासूनच मोजायचं. दीड ते दोन सेंटीमीटर खोली मिळाली तर चांगलं. खाच जवळजवळ सपाट असेल, तर तळवा पातळ असण्याची शक्यता दाट. माझ्या घोडीची खोली त्या एप्रिलमध्ये पाऊण सेंटीमीटरही नव्हती.

तिसरी, नाडी. घोट्याच्या मागच्या बाजूला, आत आणि बाहेर, दोन बोटं हलकी टेकवली की नाडी लागते. निरोगी पायात ती इतकी मंद असते की शोधावी लागते. ठक्‌ठक्‌ करत बोटाला उडवत असेल, खूर गरमही लागत असेल, तर आत दाह आहे. रोजच्या सवयीने आपल्या घोड्याची नेहमीची नाडी बोटाला पाठ होते. मग बदल झटकन कळतो.

येवल्याच्या मंगळवारच्या घोडेबाजारात, विशेषतः दसऱ्याच्या आधीच्या गर्दीत, बहुतेक लोक आधी दात बघतात. मी आधी चारही पाय उचलतो. पुढच्या दोन पायांवर घोड्याचं साधारण साठ टक्के वजन असतं, म्हणून पुढचे पाय दोनदा. विकणारा पाय उचलू देत नसेल, तर मी पुढच्या घोड्याकडे जातो.

नालबंदाशी बोलताना

नालबंदाचं काम सोपं नाही. पाठ वाकवून, लाथेचा धोका घेऊन तो काम करतो. त्याच्या हाताला नावं ठेवू नका, पण काय हवं ते काम सुरू होण्याआधी स्पष्ट सांगा. मी आता असं सांगतो: "दादा, तळव्यावरचा सुटलेला भुसभुशीत थर तेवढा काढा. चाकू कडक लागला की थांबा. फ्रॉगचे लोंबणारे तुकडेच काढा."

सुटलेला थर ओळखायला सोपा आहे. तो खडूसारखा, चिरा पडलेला असतो आणि हुकाने खरवडला तरी भुगा होऊन पडतो. त्याखालचा तळवा मेणासारखा गुळगुळीत, तुकतुकीत दिसतो. तो दिसला की चाकू बाजूला ठेवायचा. उन्हाळ्यात जमीन कोरडी असली की हा मेलेला थर धरून राहतो आणि जाड पापडासारखा साचतो. जूनचा पहिला पाऊस पडला की तोच थर ओला होऊन मोठ्या चकत्यांनी सुटतो. घाबरायचं काही नाही. मी तर हल्ली बरंचसं काम पावसावरच सोडतो.

नाल भिंतीवर बसली पाहिजे, तळव्यावर टेकता कामा नये. नालेची आतली कड तळव्याला टेकत असेल, तर घोड्याचा सगळा भार त्या मऊ थरावर जातो, तिथलं रक्त दबतं आणि वाढ मंदावते. बसवलेल्या नालेची आतली कड आणि तळवा यांच्यामध्ये पातळ पट्टी सरकते का ते पाहा. खुराप्रमाणे नाल घडवली पाहिजे. नालेप्रमाणे खूर तासणं चुकीचं. नाल गरम करून बसवताना धूर निघतो. दोन-तीन सेकंद टेकवणं वेगळं आणि दाबून धरणं वेगळं. दाबून धरल्याने पातळ तळव्याखाली भाजतं.

नाली चार ते सहा आठवड्यांनी बदला. नाल घासली नाही म्हणून दोन-दोन महिने ठेवणारे पुष्कळ आहेत. नाल घासलेली नसते, पण भिंत खाली वाढलेली असते, पुढचं टोक लांबलेलं असतं, आणि पांढरी रेषा त्या ओढीने फाकते. फटीत माती, मातीतून जंतू.

जमीन आणि पाऊस

नाशिक जिल्ह्यात घोडा पाळणाऱ्याला दोन वेगळे देश सांभाळावे लागतात. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडे पावसाळ्यात चार महिने चिखल. येवला-सिन्नरकडे जमीन कोरडी आणि उन्हाळ्यात दगडासारखी. खुराच्या शिंगात पाणी असतंच. भिंतीत सुमारे २५ टक्के, तळव्यात ३३, फ्रॉगमध्ये ५०. त्यामुळे तळवा भिंतीपेक्षा आधी मऊ पडतो. भिजून मऊ झालेल्या तळव्याला तोच काळा दगड जास्त लागतो. आपली खडी बेसॉल्टची, कडा धारदार असलेली. पावसाळ्यात भिजलेल्या पायाने डांबरावरून खडीवर गेलं, की मुका मार ठरलेला.

म्हणून ठाण, म्हणजे घोडा बांधायची जागा, कोरडं हवं. माझ्याकडे खाली मुरूम ठोकून उंचवटा केला आहे, वर वाळू. इगतपुरी-घोटीकडे भाताचं तूस सहज मिळतं, तेही चालतं. लीद दिवसातून दोनदा उचला. मुताने भिजलेली जागा सकाळीच बदला. मुतातला अमोनिया फ्रॉग आणि तळवा दोन्ही पोखरतो. पावसाळ्यात चोवीस तास चिखल टाळता येत नाही, पण दिवसातले काही तास तरी चारही पाय कोरडे झालेच पाहिजेत.

उन्हाळ्यात लोक उलटं करतात. जळकं इंजिन ऑइल आणून खुराला चोपडतात. मी लहानपणापासून हे पाहत आलो आहे. कृपा करून करू नका. त्या तेलात गाळ आणि धातूंचे कण असतात. ते खुराला पोसत नाही, नुसतं चमकवतं. वरातीसाठी रंग किंवा पॉलिश लावलंत, तर दुसऱ्या दिवशी काढा, आणि तळव्याला तर लावूच नका.

चालणं

भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं, या जुन्या कोड्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे: फिरवलं नाही म्हणून. खुराला ते शब्दशः लागू आहे. घोडा पाऊल टाकतो तेव्हा टाच आधी टेकते, खूर किंचित फाकतो, तळवा किंचित खाली येतो. उचलतो तेव्हा परत आवळतो. या दाबण्या-सुटण्याने खुरातलं रक्त वर ढकललं जातं आणि नवं येतं. आखूड दोराने दिवसभर एका खुंट्याला बांधलेल्या घोड्याचा तळवा याला मुकतो.

रोज तासभर तरी चालवा. वेगवेगळ्या जमिनीवर, मऊ मातीपासून सुरुवात करून. तळवा दमदार झाला की हळूहळू कडक जमीन. वरातीत काँक्रीटवर तासन्‌तास नाचवणं म्हणजे चालवणं नव्हे. जागच्या जागी आपटून तोच भाग पुन्हा पुन्हा ठेचला जातो. लग्नाच्या तारखा लागोपाठ घ्यायच्या असतील, तर दोन वरातींत घोडीला किमान एक पूर्ण दिवस मोकळ्या मातीवर द्या.

चंदी आणि गोड

खूर पोटातून बनतो. मुख्य आहार चांगलं वाळलेलं गवत हवा, सोबत थोडा लसूणघास. चंदीत, म्हणजे घोड्याच्या खुराकात, नुसता गव्हाचा कोंडा भरत राहू नका. कोंड्यात फॉस्फरस फार, कॅल्शियम फार कमी, आणि हा तोल बिघडला की हाडं कमजोर होतात. मिनरल मिक्स्चर घोड्यांसाठीचंच वापरा. जस्त आणि तांबं खुरासाठी लागतात. बायोटिन हे जीवनसत्त्व रोज २० मिलिग्रॅम दिल्याने कमकुवत खूर सुधारतात, पण परिणाम दिसायला सहा ते नऊ महिने जातात. महिनाभर देऊन सोडायचं असेल, तर पैसे वाया घालवू नका.

गोडाबद्दल मात्र हात जोडून सांगतो. वरातीत प्रत्येक जण घोडीला काही ना काही भरवतो, कुणी जिलेबी, कुणी गूळ, कुणी मूठभर हरभरा. निफाड-दिंडोरीकडे हंगामात काढून टाकलेली द्राक्षं ढिगाने पडलेली असतात आणि जनावरांपुढे टाकली जातात. घोड्याचं पोट गाईचं नाही. एकदम साखर किंवा धान्य पडलं, की आतड्यातले जंतू बिघडतात आणि त्याचा घाव पायावर पडतो. खुराला हाडाशी बांधणारा थर सुजतो, सुटतो, आणि हाड तळव्याच्या दिशेने खाली कलतं. याला लॅमिनायटिस म्हणतात. तळवा आतून दाबला जातो, बाहेरून सपाट किंवा फुगलेला दिसतो. वाईट अवस्थेत हाड तळव्यातून बाहेर येतं.

लक्षण ओळखा. घोडा पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे झोकून उभा राहतो, वळायला नको म्हणतो, दोन्ही पायांची नाडी उडते. त्याच क्षणी चंदी बंद. खाली वाळू किंवा तुसाचा जाड थर द्या, दोन्ही पाय बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. फिरवून मोकळा करू, हा जुना सल्ला इथे घातक आहे.

बिघडलं तर

काल ठीक असलेला घोडा आज पाय टेकवत नाही, एकाच खुराला नाडी आणि ऊब, तर बहुधा आत पू झाला आहे. पू काढायची जागा डॉक्टर ठरवतील. घरच्या चाकूने खड्डा खणू नका. निचरा झाल्यावर एप्सम सॉल्टच्या कोमट पाण्यात पाय बुडवणं आणि पट्टी कोरडी, स्वच्छ ठेवणं हे आपलं काम. धनुर्वाताची लस झालेली आहे का, हे आधी बघा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, आणि खुराची जखम त्याचा आवडता रस्ता आहे.

खिळा किंवा तार तळव्यात घुसली असेल, तर चटकन उपटू नका. घोडा शांत उभा राहत असेल तर ती तशीच ठेवून डॉक्टरांना दाखवा. किती खोल आणि कुठल्या दिशेने गेली, ते तिच्यावरूनच कळतं. ती अजून आत जाण्याची भीती असेल तरच काढा, आणि काढल्यावर जागेवर खूण करून ठेवा.

फ्रॉग सडायला लागला तर खाच साफ करून कोरडी करा. पोव्हिडोन आयोडीनमध्ये भिजवलेला कापूस खाचेत बसवा, रोज बदला. मोरचूद बरेच जण वापरतात, पण घट्ट करून किंवा कोरडी पूड जखमेवर भरू नका. ते जिवंत मांसही जाळतं. औषध दुय्यम आहे. ठाण ओलं राहिलं, तर आयोडीनची बाटली संपत राहील आणि सडणं तसंच राहील.

पातळ झालेला तळवा परत आणताना

माझ्या घोडीच्या बाबतीत आम्ही काय केलं, ते क्रमाने सांगतो. वरातीच्या उरलेल्या तारखा परत केल्या. डॉक्टरांनी एक्स-रे काढून हाड जागेवर असल्याची खात्री केली. आमचे नेहमीचे नालबंद परतल्यावर त्यांनी रुंद पात्याच्या नाली, खाली चामड्याचा तुकडा घालून, तळव्याला कुठेही न टेकता बसवल्या. पहिले तीन आठवडे ती फक्त ठाणाच्या वाळूवर आणि मळ्याच्या मातीवर फिरली. तळव्याला चाकू नाही, कानस नाही, तेल नाही. दर सहा आठवड्यांनी फक्त भिंतीची कड आणि पुढचं टोक मागे घेतलं.

दर पंधरा दिवसांनी मी काडीने खाच मोजून वहीत लिहायचो. पहिल्या महिन्यात फरक जवळजवळ दिसलाच नाही आणि मन खट्टू झालं. दुसऱ्या महिन्यात खाच एक सेंटीमीटरच्या वर गेली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तळव्यावरून रुपयाच्या नाण्याएवढी एक चकती आपोआप सुटून हातात आली. तिच्या वरच्या बाजूला एप्रिलमधल्या मुक्या माराचा फिकट लाल डाग होता. आतला नवा तळवा मेणासारखा दिसत होता आणि अंगठ्याला लवत नव्हता. तरीही मी अजून पंधरा दिवस खडीची वाट टाळली. पावसाने तळवा ओला होता, म्हणून.

नालबंद आले की आता मीही शेजारी उकिडवा बसतो.